पॉइंट किती, पैसे किती?

परभणीत स्टेशन रोडला, नानलपेठेत किंवा वसमत रोडला एखाद्या मोठ्या कापड दुकानात खरेदी उरकून गल्ल्यापाशी आलात, की पहिला प्रश्न पैशांचा नसतो. "मोबाईल नंबर सांगा," असा असतो. नंबर सांगितला की काउंटरवरचा पोरगा पडद्याकडे बघत म्हणतो, "तुमचे ३४० पॉइंट जमा आहेत, वापरायचे का?" गिऱ्हाईक घरच्यांकडे बघते, मागची रांग चुळबुळते, आणि बहुतेक वेळा उत्तर येते, "राहू द्या, पुढच्या वेळी बघू." ३४० पॉइंट म्हणजे रुपये किती, हे कुणी विचारत नाही आणि पोरगाही आपणहून सांगत नाही.

विचारले तरी उत्तर दुकानागणिक बदलेल. स्टेट बँकेच्या ‘रिवॉर्ड्झ’ योजनेत एक पॉइंट २५ पैशांचा, म्हणजे ३४० पॉइंटचे ८५ रुपये. टाटा समूहाने एप्रिल २०२२ मध्ये आणलेल्या ‘टाटा न्यू’मध्ये एक कॉइन एका रुपयाचे, तिथे तेवढ्याचेच ३४० रुपये. भारत पेट्रोलियम आणि एसबीआय कार्ड यांच्या संयुक्त कार्डावर चार पॉइंटचा एक रुपया होतो. नुसत्या पॉइंटच्या आकड्यावर खूश होण्यात अर्थ नाही तो यामुळे. आकडा फुगलेला दिसावा म्हणून एकेका पॉइंटचे मोल लहान ठेवायचे, ही या धंद्यातली जुनी हिकमत आहे.

म्हणून पहिले काम हिशेबाचे: १०० रुपयांच्या खरेदीमागे हातात किती पैसे परत येतात? शंभराला एक पॉइंट आणि पॉइंट २५ पैशांचा असेल, तर परतावा पाव टक्का. दिवाळीला घरादाराचे कपडे ४,००० रुपयांना घेतले, तर १० रुपये. कच्छी बाजारात घासाघीस करणारी बाई एका साडीवर याच्या कितीतरी पट सोडवून घेते, तेही नंबर न देता. मोठ्या साखळी दुकानात भाव करता येत नाही आणि पॉइंट मिळतात. मालक गल्ल्यावर बसलेल्या दुकानात पॉइंट नसतात, पण भाव करता येतो. लग्नाचा बस्ता काढायचा असेल तर हा फरक हजारांत जातो. बस्त्याच्या बिलावर मालकाकडून सरळ पाच टक्के सूट मागून घ्यावी. साखळी दुकानातल्या कॅशियरच्या हातात तो अधिकारच नसतो, तिथे पॉइंट आणि चालू ऑफर एकत्र लागू होतात का एवढेच विचारता येते.

दुसरे काम मुदत बघण्याचे, आणि परभणीसारख्या जिल्ह्यात खरी गोम तिथेच आहे. पॉइंटच्या योजना शहरातल्या पगारदार माणसाला समोर ठेवून आखलेल्या असतात: दर महिन्याला पगार, दर महिन्याला खरेदी. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या नऊही तालुक्यांतला मोठा पैसा कापूस आणि सोयाबीनचा. तो दसऱ्यापासून मोंढ्यात आणि जिनिंगवर यायला लागतो आणि संक्रांतीनंतर ओसरतो. कपडे, भांडी, टीव्ही, सोने यांची खरेदी त्या दोन-तीन महिन्यांत होते, मग थेट उन्हाळ्यातल्या लग्नसराईत. मे-जूनमध्ये खिशातला पैसा बी-बियाण्याकडे वळतो. आता दिवाळीच्या खरेदीवर मिळालेले पॉइंट किंवा ‘पुढच्या खरेदीवर ५०० रुपये सूट’चे कूपन ९० दिवसांत बाद होणार असेल, तर ते माघात मरते आणि लग्नाचा बस्ता वैशाखात निघतो. अशा कूपनची किंमत शेतकरी कुटुंबापुरती शून्य धरून चालावे. टाटा न्यूसारखी वर्षभराची मुदत असेल तर एक दिवाळी ते पुढचा उन्हाळा एवढा पल्ला गाठता येतो. स्टेट बँकेच्या पॉइंटना तर याहून लांब मुदत आहे.

कूपनवरचे बारीक अक्षरही वाचावे. ‘किमान खरेदी २,४९९’ अशी अट असेल आणि घ्यायचा असेल फक्त एक ७०० रुपयांचा शर्ट, तर ५०० वाचवायला १,८०० ची जास्तीची खरेदी करावी लागते. मुदत संपतच आली असेल, तर बनियन, टॉवेल, शाळेचे मोजे अशी नाहीतरी घ्यावी लागणारी वस्तू घेऊन पॉइंट मोकळे करणे बरे. पॉइंट साठवून ठेवण्यात काही शहाणपण नाही. त्यावर व्याज मिळत नाही आणि मोल घटू शकते.

एक छोटी युक्ती. बऱ्याच दुकानांत आजच्या बिलाचे पॉइंट एक-दोन दिवसांनी जमा होतात. बस्त्याची खरेदी नाहीतरी एका खेपेत पुरी होत नाही. मोठे बिल पहिल्या खेपेत करावे आणि मानपानाच्या टोप्या-टॉवेल, ब्लाऊजपीस दुसऱ्या खेपेसाठी ठेवावेत, म्हणजे पहिल्या बिलाचे पॉइंट तिथे वापरता येतात.

गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची कला मात्र कंपन्यांनी मराठवाड्याला शिकवली असे कुणी समजू नये. मोंढ्यातला आडत्या पेरणीला उचल देतो आणि माल त्याच्याच आडतीला येतो. कृषी सेवा केंद्रवाला बियाणे-औषध वहीवर लिहून देतो आणि कापूस विकल्यावर खाते चुकते होते. किराणावाला महिनाभर यादीवर माल देतो आणि दिवाळीला कॅलेंडर आणि कापडी पिशवी पाठवतो. या जुन्या योजनेत बक्षीस म्हणजे उधारी, आणि तिची किंमत भावात दडलेली असते. समजा, १,००० रुपयांचे कीटकनाशक उधारीवर ५० रुपयांनी महाग पडले, तर ते पाच टक्के झाले. पाव टक्क्याच्या पॉइंटच्या वीसपट. नगदी भाव आणि उधारीचा भाव या दोन आकड्यांतली तफावत हाच परभणीच्या खेड्यात सगळ्यात मोठा ‘रिवॉर्ड’ आहे, आणि तो मिळवायला कुठलेही कार्ड लागत नाही, पेरणीच्या वेळी हातात रोकड लागते.

ती रोकड स्वस्तात मिळायची वाट आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला व्याज शून्य टक्के पडते. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत नियमित फेड करणाऱ्यांना ५० हजार रुपयांपर्यंतची प्रोत्साहनपर रक्कम २०२२ पासून वाटली गेली. निष्ठेचे एवढे मोठे बक्षीस कुठल्याही मॉलने दिलेले नाही. पीककर्ज काढून नगदीने बियाणे-खत घेणे आणि मुदतीत भरणे, हा सरळ हिशेब पॉइंटच्या सगळ्या हिकमतींवर मात करतो. वेळेत भरता आले तर, अर्थात. अतिवृष्टीच्या वर्षी ते सोपे नसते.

खताच्या दुकानात उलटा प्रकारही चालतो. डीएपीचे ५० किलोचे पोते १,३५० रुपयांना, युरियाचे ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना, हे भाव ठरलेले. टंचाईच्या दिवसांत त्या पोत्यासोबत नको असलेली बाटली किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी गळ्यात मारली जाते. याला सगळे ‘लिंकिंग’ म्हणतात. ते बेकायदा आहे आणि तक्रार कृषी विभागाकडे करता येते. कंपन्या विक्रेत्याला जो माल खपवल्याबद्दल भेटी आणि सहली देतात, बऱ्याचदा तोच माल शेतकऱ्याला असा घ्यावा लागतो. विक्रेत्यांच्या या भेटींवर १ जुलै २०२२ पासून प्राप्तिकर कायद्याच्या १९४ आर कलमाने १० टक्के करकपात लागू झाली. वर्षाला २० हजारांवरचा लाभ असेल तर. परदेश सहलीचे फोटो म्हणून कमी झाले असे मात्र दिसत नाही.

याच शहरात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, १८ मे रोजी, खरीप मेळाव्यात सोयाबीन-तुरीचे बियाणे विकत मिळते. पॉइंट नाहीत, कूपन नाही, तरी गर्दी उसळते. बियाणे उगवेल याची खात्री असली की गिऱ्हाईक उन्हात उभे राहते.

घर बांधणाऱ्यांसाठी एक वेगळाच पदर आहे. रंगाचे डबे, सिमेंट, वायर, पाइप, फेविकॉल यांच्या कंपन्या निष्ठेची बक्षिसे घरमालकाला देत नाहीत. ती पेंटरला, गवंड्याला, इलेक्ट्रिशियनला, सुताराला देतात. रंगाच्या डब्यातून पूर्वी टोकन निघायचे, आता झाकणाखाली क्यूआर कोड असतो आणि पेंटर तो मोबाईलने स्कॅन करून पॉइंट आपल्या खात्यात घेतो. पिडिलाइट कंपनीचा सुतारांसाठी ‘फेविकॉल चॅम्पियन्स क्लब’ आहे. डब्याचे पैसे मालकाने मोजले, पॉइंट मिस्त्रीचे. यात चोरी नाही, कंपनीने योजनाच तशी केली आहे. पण "हाच रंग घ्या, दुसरा टिकत नाही" या सल्ल्यामागे काय काय असू शकते हे मालकाला माहीत असलेले बरे. समजूतदार माणूस मजुरी ठरवतानाच विषय काढतो: माल मी आणतो, कोड तुम्ही घ्या, मजुरीत तेवढे बघा. बहुतेक पेंटर हसून कबूल होतात.

सोन्याची गोष्ट निराळी, कारण तिथे रक्कम मोठी आणि जोखीमही. सराफाकडे महिन्याला ५,००० रुपये असे ११ हप्ते भरायचे, बारावा हप्ता दुकानदार घालतो आणि ६० हजारांचा दागिना घ्यायचा: या भिशीचे गणित कागदावर फार चांगले दिसते. ५५ हजार भरून ५ हजार वर. पैसा सरासरी सहा महिनेच गुंतलेला असल्याने वार्षिक परतावा साधारण १८ टक्के पडतो. बँकेच्या आवर्ती ठेवीत साडेसहा टक्क्यांनी साधारण १,८०० रुपयेच मिळतात.

मेख मजुरीत असते. घडणावळ १२ टक्के असेल तर ६० हजारांत, ३ टक्के जीएसटी धरून, सुमारे ५२ हजारांचे सोने पदरात पडते. तीच १८ टक्के लावली तर साधारण ४९ हजार ४०० चे. म्हणजे फुकट मिळालेल्या पाच हजारांतले अडीच हजारांहून अधिक तिथेच गेले. भिशी लावण्यापूर्वी घडणावळीचा दर लेखी घ्यावा. शिवाय हप्ता रुपयांत जमा होतो की त्या दिवशीच्या भावाने ग्रॅममध्ये, हेही विचारावे. २०२५ मध्ये तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेला. ज्यांचे हप्ते ग्रॅममध्ये जमा झाले ते सुटले, रुपयांत भरणाऱ्यांच्या दागिन्याचे वजन महिन्यागणिक घटत गेले.

हप्ते अकराच का, याचेही कारण आहे. कंपनी कायद्याखालील २०१४ च्या ठेव नियमांनुसार मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली नाही, तर ती ठेव ठरते आणि ठेवीचे कडक नियम लागू होतात. त्याच वर्षी तनिष्कने आपली ‘गोल्डन हार्वेस्ट’ योजना थांबवून पुढे नव्या, छोट्या रूपात आणली. अठरा किंवा चोवीस महिन्यांची भिशी कुणी सांगत असेल तर तिथूनच परत फिरावे. ऑक्टोबर २०१९ मध्ये डोंबिवली-ठाण्यात गुडविन ज्वेलर्सची दुकाने एकाएकी बंद झाली आणि हप्ते भरलेले हजारो लोक पोलीस ठाण्यात गेले. अशा प्रकरणांत महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आणि केंद्राचा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा मदतीला येतो, पण पैसा परत यायला वर्षे जातात.

पगारदारांकडे आता क्रेडिट कार्डे आली आहेत: शिक्षक, बँक कर्मचारी, विद्यापीठातले लोक. कार्डांच्या जाहिरातीत पॉइंटचे उत्तम मोल विमान तिकीट आणि विमानतळावरच्या लाउंजमध्ये दाखवलेले असते. परभणीत विमानतळ नाही. इथला माणूस देवगिरी, नंदीग्राम, तपोवनने मुंबईला जातो. त्याच्या दृष्टीने आयआरसीटीसी आणि एसबीआयचे संयुक्त कार्ड जास्त कामाचे. त्यात एक पॉइंट एका रुपयाचा आणि एसी वर्गाच्या ऑनलाइन तिकिटांवर १० टक्क्यांपर्यंत मोल परत मिळते. स्लीपरने जाणाऱ्याला हा लाभ नाही, हे जाहिरात हळू आवाजात सांगते. आणि एसटीने जाणाऱ्या महिलेला मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्याला पूर्ण मोफत. पन्नास टक्के, शंभर टक्के, पॉइंटविना.

पेट्रोलचे कार्ड घेताना वापर बघावा. भारत पेट्रोलियम-एसबीआय कार्डावर कंपनीच्या पंपावर शंभराला १३ पॉइंट, महिन्याची कमाल मर्यादा १,३०० पॉइंट. म्हणजे १० हजारांच्या इंधनावर ३२५ रुपये, आणि वर्षाची फी ४९९ अधिक कर. गंगाखेड-परभणी रोज गाडीने ये-जा करणाऱ्याला परवडते. महिन्याला ५०० चे पेट्रोल टाकणाऱ्या मोटारसायकलवाल्याला वर्षभरात १९५ रुपये मिळतील. कार्डावर वर्षाला ५० हजारांचा खर्च करून फी माफ झाली नाही, तर तो खिशातूनच भरणार.

कार्डाच्या बाबतीत एक बेरीज-वजाबाकी सगळ्यांनी करून बघावी. २० हजारांची थकबाकी महिनाभर तशीच राहिली, तर साडेतीन टक्के महिन्याच्या दराने ७०० रुपये व्याज लागते. पाव टक्का पॉइंटने ७०० रुपये कमवायला २ लाख ८० हजारांची खरेदी करावी लागेल. काही बँका पॉइंटच्या बदल्यात वस्तू मागवताना ९९ रुपये आणि वर जीएसटी घेतात. २५० रुपयांच्या डब्यासाठी ११७ रुपये मोजणे याला बक्षीस म्हणत नाहीत. छोटा दुकानदार कार्ड घासताना वर दोन टक्के मागत असेल तर रोखीने द्यावे आणि मोकळे व्हावे.

यूपीआयवरचे कॅशबॅक कुठे गेले, असे लोक अजून विचारतात. २०१७ साली गुगलचे ‘तेज’ आले तेव्हा स्क्रॅच कार्डातून खरोखर पैसे निघायचे. तो गिऱ्हाईक ओढण्याचा खर्च होता. जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेणे बंद झाले, ॲपवाल्यांचे तिथले उत्पन्न थांबले आणि कार्डात ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’ यायला लागले. आता नवी फट आहे ती रुपे क्रेडिट कार्डाची. २०२२ पासून ते यूपीआयला जोडता येते, आणि लहान व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क पडत नाही. गुजरी बाजारातल्या किराणा दुकानात व्यापारी क्यूआरवर याद्या चुकवल्या तरी कार्डाचे पॉइंट मिळू शकतात आणि दुकानदाराचे काही जात नाही. मुदतीत पूर्ण बिल भरणाऱ्यासाठी सध्या हा सगळ्यात स्वच्छ सौदा आहे.

माणूस पॉइंटमागे का धावतो यावर अमेरिकेत २००६ साली एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. गाड्या धुण्याच्या केंद्रावर काहींना आठ शिक्क्यांचे कोरे कार्ड दिले, काहींना दहा शिक्क्यांचे, पण दोन शिक्के आधीच मारलेले. धुवायच्या खेपा दोन्हीकडे आठच. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पुरे केले, दुसऱ्यातल्या ३४ टक्क्यांनी. ‘वेलकम बोनस २०० पॉइंट’ म्हणतात ते हेच. आपल्याकडे १९९९ मध्ये ‘ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ’ने गावोगावच्या पोरांना बिस्किटांची रिकामी वेष्टने जमवायला लावले होते, धावा मोजत.

पॉइंट देणारा टिकेल याचीही हमी नसते. २००६ मध्ये ‘आय-मिंट’ नावाने सुरू झालेली योजना पुढे ‘पेबॅक’ झाली, जून २०२१ मध्ये ती भारतपेने घेतली, मग नाव ‘झिलियन’ झाले. तिचा एक मोठा भागीदार बिग बझार २०२२ मध्ये बाजारातून गेला. दुसऱ्या टोकाला डीमार्ट आहे: २००२ मध्ये पवईत सुरू झालेले हे दुकान पॉइंट देतच नाही, भाव कमी ठेवते.

नंबर द्यायलाच हवा का? नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने स्पष्ट केले, की मोबाईल नंबर दिल्याशिवाय बिल देणार नाही असे दुकानदार म्हणू शकत नाही. ती अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाव टक्क्यासाठी आपली खरेदीची सगळी सवय विकायची की नाही, हे गिऱ्हाइकाने ठरवायचे.

सर्वांत महाग पॉइंट मात्र ते, जे मुळात नसतात. ‘तुमचे ९,९८० रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट आज संपत आहेत’ अशा मजकुराचा संदेश बँकेच्या नावाने येतो, सोबत लिंक किंवा एपीके फाइल. ती उघडली की मोबाईलमधले ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात आणि खाते रिकामे होते. स्टेट बँकेने स्वतः सांगितले आहे, की पॉइंटसाठी ती लिंक किंवा एपीके कधीच पाठवत नाही. आकड्यावरूनही ओळखता येते: २५ पैशांच्या हिशेबाने ९,९८० रुपयांना जवळपास ४० हजार पॉइंट लागतील, आणि पेन्शनच्या खात्यावरून महिन्याला दोनदा एटीएमला जाणाऱ्या माणसाकडे ते येणार कुठून? फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

दुकानाने कबूल केलेले पॉइंट किंवा भेट नाकारली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे मिटले नाही तर परभणीतच जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. कबूल केलेली भेट न देण्याच्या हेतूने योजना जाहीर करणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथांमध्ये मोडते. त्यासाठी बिल तर लागतेच, पण योजनेचे पत्रक किंवा दुकानाबाहेरच्या फलकाचा तारखेसह फोटोही लागतो. दिवाळी संपली की तो फलक सगळ्यांत आधी उतरतो.